अबोलीचे सख्खे यमक

सार्वजनिक बागेतल्या बाकावर दिवंगत व्यक्तीसाठी दोन ओळी लावायच्या असतील, तर त्यांचे यमक जुळलेच पाहिजे, असा उद्यान विभागाचा नियम आहे. नियम योग्यच आहे. माणूस गेल्याचे दुःख फक्त घरच्यांना होते; यमक हुकल्याचे दुःख बागेत येणाऱ्या प्रत्येकाला सोसावे लागते.

चष्मेवाल्यांना हा नियम ठाऊक नव्हता. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचे चष्म्यांचे छोटे दुकान होते. ते आत काचा घासत बसत आणि बाहेर गल्ल्यावर त्यांची बायको बसे. ती बोले. दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत बोले, आणि कुलूप लागले की घरापर्यंत बोले. गिऱ्हाईक भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचू लागले, तर त्यालाही मधेच थांबवून बोले. लग्न नवे असतानाच चष्मेवाल्यांनी हात जोडून तिचे नाव 'अबोली' ठेवले. फुलाचे नाव तिला इतके आवडले की ते कसे पडले, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगू लागली.

ती गेली, आणि दुकानात काच घासल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तो चष्मेवाल्यांना सहन होईना.

संध्याकाळी दोघे तळ्याकाठच्या बाकावर बसत. त्या बाकावर तिची पाटी लावावी, असे त्यांच्या मनाने घेतले. जन्मात कविता न केलेल्या माणसाने दोन ओळी लिहिल्या:

बोलून बोलून दमवी अबोली,
तरी मनाने फार भोळी.

ओळी घेऊन ते यमक अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले. हे गृहस्थ पूर्वी वृक्षगणना अधिकारी होते. पुढे शहरात मोजण्याजोगी झाडे उरली नाहीत, तेव्हा विभागाने त्यांना बढती देऊन यमकावर आणले. त्यांनी ओळी वाचल्या, जीभ आधी दातांना लावून पाहिली, मग टाळूला लावून पाहिली आणि मान हलवली.

"नाही जुळत."

"अबोली, भोळी. जुळतंय की साहेब!"

"एकात ली आहे, दुसऱ्यात ळी. हे चुलत यमक झालं. आम्हाला सख्खं लागतं."

"चुलत अजिबात चालत नाही?"

"चालतं ना. पण ती पाटी बाकाच्या खालच्या अंगाला लावतात."

"खाली? मग वाचायचं कसं?"

"ज्याला वाचायचंय, तो वाकेल."

नमुना म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवले. एका बाकावर कोरले होते: 'सासरे आमुचे जणू गुलाब, अंती घेऊन गेले जुलाब.'

"जावयानं स्वतः रचलंय," अधिकारी कौतुकाने म्हणाले. "यमक सख्खं, आणि शिवाय वस्तुस्थितीला धरून."

मग त्यांनी विभागाचा यमककोश उघडला. अबोलीपुढे चारच शब्द होते: ओली, खोली, डोली, बोली.

"खोली घ्या. 'मनात जिच्या अथांग खोली.'"

"साहेब, तिच्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत टिकत नव्हती."

"मग फूल बदला. जाई करा. आई, बाई, घाई, दाई, सगळे सख्खे. मोठं गोतावळ्याचं फूल आहे ते."

"बायको आहे हो ती माझी!"

"होती," अधिकारी म्हणाले. व्याकरणात त्यांना हयगय खपत नसे.

घरी मुलगी वैतागली. "बाबा, घ्या ना त्यातला एखादा शब्द. आई काय उठून वाचणार आहे का?"

"तुला तुझी आई कळलीच नाही. चुकीचं लिहिलं तर उठेल. आणि उठली की बोलेल."

असे म्हणताना त्यांच्या मनात आले की, मग चुकीचेच लिहावे. पण हे ते मुलीला बोलले नाहीत.

शेवटी 'बोली'वर गाडी आली. 'गोड जिची होती बोली' अशी ओळ चष्मेवाल्यांना सुचली आणि मनापासून पटलीही. ती ऐकून अधिकारी मात्र गंभीर झाले. अबोलीच्या पोटात बोली आधीपासूनच आहे. तेव्हा हे यमक म्हणायचे, की तोच शब्द टोपी काढून पुन्हा आला म्हणायचे? प्रकरण तज्ज्ञ समितीकडे गेले. समितीत एकच निवृत्त प्राध्यापक असल्यामुळे तिचे निर्णय नेहमी एकमताने होत. हे जुळे यमक असून ते सख्ख्याहूनही सख्खे आहे, असा समितीने निर्वाळा दिला. मात्र अबोली म्हणजे न बोलणारी. जी बोलतच नाही, तिची बोली गोड की कडू, हे कळणार कसे? सरकारी बाकावर विसंगती बसवता येत नाही. सबब समितीने ओळी सुधारून दिल्या:

अल्प जिची होती बोली,
मौनव्रती ती अबोली.

मयत व्यक्ती हयातीत मितभाषी होती, असे पतीने शपथेवर लिहून द्यावे आणि त्यावर शेजाऱ्याची सही घ्यावी, एवढीच काय ती अट होती.

"अहो, पण हे धडधडीत खोटं आहे!" चष्मेवाले ओरडले.

"खोटं आहे, पण सख्खं आहे," अधिकारी शांतपणे म्हणाले. "तुमचं खरं आहे, पण चुलत आहे. आता तुम्ही ठरवा. त्याच बाकासाठी एका कंत्राटदाराचाही अर्ज आलाय. त्याचे वडील अजून हयात आहेत, पण यमक तयार आहे."

चष्मेवाल्यांना ते तळे, तो बाक आणि त्यावर बसलेला कंत्राटदाराचा बाप दिसू लागला. त्यांनी शपथ घेतली. सही करताना त्यांना वाटले, उभ्या जन्मात बायकोबद्दल आपण कुणाकडे पहिल्यांदाच तक्रार करत आहोत.

भिंतीपलीकडच्या शेजारणीने सही केली आणि पेन परत देताना म्हणाली, "आता पलीकडून खरंच काही ऐकू येत नाही हो भाऊ. तेवढ्यापुरतं तरी हे खोटं नाही." आणि ती रडायला लागली.

अनावरण थाटात झाले. प्राध्यापक मौनाचे महत्त्व या विषयावर बोलायला उभे राहिले ते खाली बसायलाच तयार होईनात. अशा अबोल स्त्रिया आता दुर्मिळ झाल्या, आजच्या सुनांनी या बाकाचा आदर्श घ्यावा, असे ते म्हणाले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बाक बघता बघता प्रसिद्ध झाला. नवरे आपापल्या बायकांना तिथे आणून बसवू लागले. नवी जोडपी ओठांवर बोट ठेवून फोटो काढू लागली. सासवा लांबून लांबून आल्या. गर्दी वाढली तसा गोंगाट वाढला, म्हणून विभागाने बाकाभोवती शांतता क्षेत्र जाहीर केले आणि एक रखवालदार नेमला.

एका संध्याकाळी जागा रिकामी सापडली. चष्मेवाले बसले आणि हलक्या आवाजात बायकोला दुकानातली हकिगत सांगू लागले. लगेच शिट्टी वाजली.

"काका, इथे बोलायचं नाही."

"अरे बाबा, ही पाटी माझ्या बायकोची आहे."

"मग तुम्हाला तर माहीतच पाहिजे. बाईंना बोललेलं खपायचं नाही."

"खपायचं नाही?" चष्मेवाले ताडकन उठले. "अरे, दिवसभर बोलायची ती! झोपेतसुद्धा बोलायची! हे सगळं खोटं आहे. मी खोटी शपथ घेतली, माझ्या हातानं!"

माणसे जमली. चष्मेवाल्यांनी भोळीपासून बोलीपर्यंत सगळे सांगितले. मग एक सभ्य गृहस्थ पाटीकडे पाहत म्हणाले, "असेल हो तसंही. पण यमक काय सुरेख जुळलंय!"

"छे, भोळीच बरं होतं," दुसरा म्हणाला.

"ली आणि ळी? कान आहेत का तुम्हाला?"

दोन तट पडले. वाद चांगलाच रंगला. रखवालदारसुद्धा शिट्टी खिशात टाकून ळीच्या बाजूने भांडू लागला. चष्मेवाले त्यातून वाट काढत बागेबाहेर पडले. ते गेल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ती जन्मभर एवढे बोलायची, ते काय बोलायची, हे त्यांना कोणीही विचारले नाही. त्या गर्दीला कशाला नावे ठेवायची? तुम्हीही इथपर्यंत यमकच बघत आलात.