एल्वुडरावांची निळ्या रिव्हॉल्वरवरील मोहीम

स्वस्ति. पेनसिल्व्हेनिया प्रांती, डोंगराआडच्या गावी, स्वयंसेवक अग्निशामकांच्या सभागृहात बंदूकबाजार भरला असता रणधुरंधर एल्वुडराव शॅफर यांनी जो पराक्रम केला, तो जैसा घडला तैसा लिहितो. ऐकणाराने हसू आवरावे; तेथील मंडळीस आवरले नाही.

कारण लढाईचे ऐसे की, एल्वुडराव हे संग्राहक मंडळीचे परीक्षक, आणि महायुद्धानंतरच्या रिव्हॉल्वरांत कारखान्याच्या मूळ निळ्या रंगाचे अस्सल कोणते व मागाहून घासून रंगवलेले कोणते, हे सांगण्याचा मक्ता त्यांजकडे. परंतु गतसाली खुद्द त्यांनीच रंगवलेला नग अस्सल म्हणोन प्रदर्शनी मांडिला, आणि कारखाना ज्या घोड्यास कधी निळा रंग देत नसे तो घोडाही निळाशार, हे मेव्हणे मर्ल क्लाइन यांनी भर पंक्तीत दाखविले. मग मंडळीचा हुकूम सुटला की, यंदा पारख चुकली तर परीक्षकाची खुर्ची मर्लकडे.

सबब एल्वुडराव भिंग आणि विजेरी कमरेस लावोन निघाले, आणि गस बॉयर नामे विक्रेत्याच्या टेबलावर छापा घातला, तो तेथे सन पन्नासाच्या सुमाराचे रिव्हॉल्वर, निळेशार. मग नळीवरील अक्षरे पाहिली, तो कडा धारदार. मग स्क्रूंची भोके पाहिली, तो काठ झिजले नाहीत. आणि घोडा पाहिला, तो ढगाळ चट्ट्यापट्ट्यांचा, जैसा असावा तैसा.

"भिंग किमतीवर नको धरूस," गस म्हणाला, "उगाच मोठी दिसेल."

मग घासाघीस झाली आणि फोनवर गिऱ्हाइकाची सरकारी तपासणी उरकली आणि शस्त्र हाती आले, तोच मर्लची स्वारी आडवी आली.

"दाजी, एवढं चकचकीत? म्हातारीनं केस रंगवल्यासारखं दिसतंय!"

"अस्सल आहे."

"मग लावा व्हिनेगर. अस्सल रंगाला काही होत नाही, नकली धुऊन जातो. का, घाबरलात?"

घाबरलात हा शब्द कानी पडताच रावांची अक्कल रजेवर गेली आणि ते मुदपाकखान्यावर चालोन गेले. तेथे नॉर्माबाई, म्हणजे रावांची धर्मपत्नी आणि मर्लची सख्खी बहीण, बीटाच्या व्हिनेगरात मुरलेली लाल अंडी विकीत होत्या.

"अहो, ते अंड्यांचं पाणी आहे! कुठं नेताय?"

रावांनी ऐकिले नाही. रिकाम्या रिव्हॉल्वरची नळी त्या लाल पाण्यात भिजल्या फडक्यात गुंडाळिली, आणि शत्रूस धास्ती पडावी म्हणोन शेजारी बैसोन हॅम-घेवड्याचा रस्सा दोन वेळा मागवोन खाल्ला. मग फडके सोडिले, तो नळी नागडी! करडे लोखंड, आणि वर गुलाबी झाक.

"दाजी," मर्ल म्हणाला, "खुर्चीवर उशी आहे, की घरून आणू?"

रावांचा चेहरा नळीच्या रंगासारखाच उतरला. तेव्हा मागोमाग आलेल्या गसने स्क्रू सोडोन लाकडी मूठ काढिली, तो आत पोलादावर कारखान्याच्या कानशीच्या खुणा जैशाच्या तैशा, आणि त्यांवर पहिला निळा रंग. मागाहून कोणी घासले असते तर या खुणा उरत्या ना. व्हिनेगर बिचारे अस्सल-नकली जाणत नाही. समोर येईल ते खाते.

"अहो," नॉर्माबाई म्हणाल्या, "हा एक स्क्रू आधी काढता आला नसता?"

राव भिंगाची काच पुसू लागले.

मग मंडळीने निवाडा केला की, रिव्हॉल्वर अस्सल, एल्वुडरावांची पारख बिनचूक, खुर्ची कायम. मर्ल पराभव पावोन अंडी खात बैसला. आणि एल्वुडराव वाजतगाजत खुर्चीवर आरूढ जाहले, तो प्रदर्शनाच्या परीक्षेस पहिलाच नग आला तो त्यांचाच. रावांनी भिंग लाविले, बहुत वेळ पाहिले, आणि जिंकल्या खुर्चीवरून पहिला हुकूम फर्माविला की, नळीस मूळ रंग नाही, सबब हा नग अस्सलांच्या रांगेतून बाहेर काढावा.

ऐसा संपूर्ण विजय जाहला.