सुपडूनानांचं बोट

सुपडूनाना पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी पाणी घेतलं नाही, चहाला नको म्हटलं, आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओट्यावरचं लाटणं उचललं. उजव्या हाताचं पहिलं बोट आडवं धरलं, त्याच्यावर लाटणं ठेवलं, दोनदा मागेपुढे सरकवलं आणि निकाल दिला, "डावीकडे जड शे. पोया एक बाजूले जाड येतस ना?"

पोळ्या खरोखरच एका बाजूनं जाड यायच्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तोवर मी त्याचं खापर गिरणीवाल्यावर फोडत आले होते. नाना लाटणं काखेत मारून निघून गेले. संध्याकाळी परत आणून दिलं तेव्हा ते तसंच दिसत होतं, पण पोळी आपोआप गोल फिरायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला आला राग. ओळख ना पाळख, माझ्या लाटण्यात खोट काढणारा हा माणूस कोण?

हा माणूस तलवारी करतो, असं शेजारणीनं सांगितलं. मी नुकतीच नरडाण्याच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले होते आणि शेजारी तलवारी करणारा राहतो हे ऐकून त्या दिवशी दाराला आतून दोन कड्या लावल्या होत्या.

पुढे कळलं की नानांच्या तलवारी इथे कुणाच्या अंगावर जायच्या नसतात. विलायतेत काही हौशी मंडळी आहेत. त्यांना पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडचे लोक तलवार कशी चालवत ते जुनी पुस्तकं वाचून शिकायचं असतं. त्यासाठी त्यांना तेव्हाच्यासारखी, सरळ पात्याची, दोन हातांनी धरायची तलवार लागते. सरावाची हवी तर बोथट, टोकाला गोल आणि अंगावर लागली की वाकणारी. कापायची हवी तर धारेची. या दोन्ही तलवारी आमच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रकच्या चाकांवरच्या पोलादी कमानपाट्यांपासून तयार होतात. परवान्याचे कागद नानांनी फ्रेम करून देवांच्या शेजारी लावले आहेत.

नाना मूळचे कमानपाटे दुरुस्त करणारे. हायवेवर त्यांचं दुकान होतं. धुळ्याच्या एका शेठजींना परदेशातून भिंतीवर लावायच्या तलवारींची ऑर्डर आली, ती त्यांनी नानांना दिली. नानांनी नमुना बोटावर ठेवला आणि शेठजींना म्हणाले, "हाई तलवार नही, हाई पत्रानी पट्टी शे." मग स्वतःच्या डोक्यानं एक करून दिली. भिंतीवर लावायला घेतलेली ती तलवार तिकडच्या कुणीतरी खाली काढून फिरवून बघितली, आणि तेव्हापासून नानांना उसंत नाही.

तलवारीचं डिझाइन नाना जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला करतात. पातं मुठीपाशी किती जाड, मधे किती, टोकाला किती, आणि मुठीच्या मागे वजनाला जो लोखंडी गोळा असतो तो केवढा, सगळं पेन्सिलीनं. त्या गोळ्याला ते बोंड म्हणतात, कपाशीचं असतं तसं. वजन कुणी विचारलं की त्यांच्या कपाळावर आठी पडते. "वजन तं खताना गोणीलेबी ऱ्हास. हात काय सांगस, ते बोला!"

हे त्यांचं पालुपद. हात काय सांगस? हातात काहीही आलं की आधी बोटावर. छत्री, करवत, माझ्या नवऱ्याची बॅट. एकदा हवालदार चौकशीला आले होते. नानांनी त्यांना कागद दाखवले, चहा पाजला आणि मधेच त्यांची लाठी घेऊन बोटावर ठेवली. "पुढे जड शे. मनगट दुखस ना तुमनं?" हवालदार दचकले. मनगट दुखत होतं. दुसऱ्या दिवशी ते चौकशी सोडून लाठी घेऊन आले, आणि त्या आठवड्यात ठाण्यातल्या आणखी तीन लाठ्या आल्या.

धारेची तलवार पाठवण्याआधी ती कापून बघावी लागते. तिकडे म्हणे त्यासाठी चटया भिजवून गुंडाळतात. नानांना हे ऐकून फार हसू आलं. त्यांची सासुरवाडी जळगावकडे, केळीच्या पट्ट्यात. घड उतरला की केळीचा खांब वायाच जातो. तो मेहुण्याच्या टेम्पोतून तापी ओलांडून इकडे येतो. नाना अंगणात खांब उभा करतात, श्वास रोखतात आणि सपकन तिरका वार करतात. तुकडा जागेवर क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग घसरला, तर तलवार पास. पातं मधे अडकलं तर नापास. नापास मी कधी पाहिली नव्हती. तुकड्यांचे लाभार्थी म्हणजे समोरच्या गोठ्यातली म्हैस. वाराचा आवाज आला की ती कुंपणावर मान टाकून उभी राहते. केळीच्या चिकाचे डाग काही केल्या जात नाहीत, त्यामुळे नानांच्या पांढऱ्या पायजम्यांवर तपकिरी नकाशे असतात. अक्कांनी ते धुण्याचा नाद सोडला आहे.

अक्का म्हणजे नानांची बायको. नाना बोटानं जग मोजतात, तर अक्का मुसळीनं. हिवाळा लागला की आमच्या गल्लीला अक्कांच्या भरिताचे वेध लागतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या लांबट पात्रात, मुसळीनं ठेचायची. बडगी आणि मुसळी अक्कांच्या लग्नात माहेराहून आलेली. चाळीस घरांचं भरीत त्या एकट्या ठेचतात आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी अक्कांना चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, पण बोटांची पेरं धरली ती धरलीच. डॉक्टरांनी ठेचाठेची बंद करायला सांगितली. अक्का दवाखान्यातून घरी आल्या. मग ओट्यावर बसून म्हणाल्या, "ज्या दिनले मुसळी माले जड लागी, त्या दिनले बडगी माळ्यावर टाकी देसू. मंग मी कोन कामनी?" नाना तिथेच पायजम्यावरचा डाग खरवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

तो हिवाळा आला आणि अक्कांनी भरीत ठेचलं. पुढच्या हिवाळ्यातही ठेचलं. डॉक्टरांना काही कळत नाही, असं त्या गल्लीभर सांगत फिरल्या. मीही मान डोलावली. नाना तेवढे थंडीच्या तोंडाशी मुसळी शेडमध्ये घेऊन जात, तेल पाजायला म्हणून, आणि दोन दिवसांनी परत आणून देत.

आता ओटोभाऊंची गोष्ट. नानांची परदेशी गिऱ्हाइकं त्यांच्या तोंडी सगळी भाऊ नाहीतर आबा. त्यांचा पत्रव्यवहार आधी शेठजी बघत. शेजारी इंग्रजीची मॅडम आल्यावर तो माझ्या गळ्यात पडला. लाटण्याची परतफेड म्हणून मी तो करत होते आणि एव्हाना मला त्याची गोडीही लागली होती. नानांचा एकच अभिमान होता, आणि तो ते मला प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायला लावत: वीस वर्षांत माझी एकही तलवार परत आलेली नाही.

ओटोभाऊ जर्मनीतले निवृत्त मास्तर. आठ वर्षांपूर्वी त्यांनी नानांची सरावाची तलवार घेतली होती आणि रोज सकाळी अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली ते ती फिरवत. गेल्या पावसाळ्यात त्यांचं पत्र आलं. तुमची तलवार अलीकडे जड झाली आहे, पोलाद दमट हवेत पाणी धरतं का?

मी वाचता वाचता हसत सुटले. लोखंड म्हणजे काय पापड आहे? मी मनातल्या मनात उत्तर तयारही केलं, चांगलं खमंग. वर पाहिलं तर नाना हसत नव्हते.

"वय कितलं शे ओटोभाऊनं?"

पत्रात होतं. चौऱ्याहत्तर.

नानांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "लिखा. चूक मनी शे. बोंडनं माप चुकनं व्हतं. तलवार परत धाडा, मी नीट करी देस."

मी पेन खाली ठेवलं. तिकडच्या एका पोरानं एकदा तलवारीत दहा ग्रॅमचा फरक काढला होता, तर या माणसानं त्याला तीन पानी उत्तर माझ्याकडून लिहून घेतलं होतं. मी चिडले. "नाना, माप चुकलेलं नाही. पत्रिका काढा, त्यावर माप तुमच्याच हातचं आहे. वीस वर्षांत पहिली तलवार परत येणार, तीही खोट्या चुकीसाठी?"

"तलवार जड व्हत नही, मॅडम. हात थकस," नाना म्हणाले. "पन हाई हातले सांगानं नही. लिखा."

मी लिहिलं. शेवटचं नेहमीचं वाक्य मात्र त्यांनी या वेळी सांगितलं नाही, आणि ते गाळताना मला अगदी वाईट वाटलं.

तलवार आली. नानांनी जुनी पत्रिका काढली, तलवार बोटावर ठेवली. तोल पत्रिकेवर होता तिथेच होता, केसभरही इकडेतिकडे नाही. मग त्यांनी आठ दिवस बाकी सगळी कामं बाजूला ठेवून ते पातं टोकाकडे घासून घासून पातळ केलं आणि बोंड नवीन, लहान बसवलं. पॉलिश असं केलं की हात लागलाय हे कळू नये. महिन्याभरात ओटोभाऊंचं उत्तर आलं. तलवार पूर्वीसारखी झाली, मी पुन्हा रोज फिरवतो. मला वाटलं होतं, मीच म्हातारा झालो.

"परत वाचा," नाना म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, त्यांना इंग्रजी येत नाही तरी, आणि घडी करून खिशात ठेवला.

यंदाच्या भरिताच्या दिवशी मी सकाळपासून अक्कांच्या अंगणात होते. काड्यांचा धूर डोळ्यांत जात होता. एका बाजूला नाना नवी तलवार तपासायला केळीचा खांब रोवत होते आणि म्हैस कुंपणाशी येऊन उभी होती. अक्कांना बाहेरून कुणी हाक मारली. त्या उठल्या आणि कधी नव्हे ते मुसळी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "धरा जरा, खाले नका ठेवज्या."

मुसळी हातात आली आणि माझा हात वरच गेला. बाभळीची, हातभर लांब मुसळी, आणि वजन लाटण्याएवढं! नानांच्या शेजारानं लागलेली सवय, मी ती बोटावर ठेवली. ती बरोबर अक्कांच्या मुठीच्या जागी स्थिर राहिली. उलटी करून पाहिली तर बुडाला, वांग्याच्या काळ्या रसाआड, एक बारीक गोल रेघ दिसत होती. आतून पोकळ करून त्याच लाकडाचं बूच बसवलेलं होतं. हात लागलाय हे कळू नये असं.

मी मान वर केली. नाना तलवार धरून माझ्याकडे बघत होते. परीक्षेच्या वर्गात चिठ्ठी सापडलेल्या पोराचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. या माणसाच्या पोटात एवढी माया असेल हे मला सहा वर्षं शेजारी राहून कळलं नव्हतं. मी डोळ्यांना पदर लावला. बरं झालं, धूर होता.

अक्का परत आल्या. "काय हो मॅडम? हात काय सांगस?" नवऱ्याची नक्कल करत त्यांनी विचारलं.

नानांनी तलवार खाली केली.

"जड आहे हो अक्का," मी म्हणाले. "माझ्यानं तर दोन वांगीसुद्धा ठेचली जायची नाहीत."

अक्का खुलल्या. सुजलेल्या बोटांनी त्यांनी मुसळी माझ्याकडून ओढून घेतली आणि पदर खोचून बसल्या. "आजकालन्या पोरी! बेचाळीस वरीस झायात, हाईच मुसळी शे."

तेवढ्यात पलीकडे सपकन आवाज झाला. तुकडा पडला नाही. नानांची तलवार खांबाच्या मधोमध अडकून बसली होती, आणि नाना ती काढायचं सोडून डोळे पुसत होते. म्हैस वाट बघत होती.

अक्का ठेचता ठेचता खदखदून हसल्या. "देखा, देखा! म्हातारा व्हयी ग्यात तुम्ही. तुमना हात गया आते. मना देखा!"

"हाव ना," नाना म्हणाले. "तुना हात कसाले जाई?"