धावपट्टीच्या टोकाचा दिवा

आकाशातला कुठलाही दिवा दाखवा, तो कशाचा हे तिजानी एका नजरेत सांगणार, अशी वाळवंटाकाठच्या अख्ख्या तोझर गावात त्याची ख्याती होती! म्हणजे, ती त्यानेच पसरवली होती. तीस वर्षं त्याने विमानतळावर विमानाला जिना लावायची गाडी चालवली. "माझा जिना लागल्याशिवाय पायलटसुद्धा जमिनीवर पाय ठेवत नसे!" हे वाक्य त्याने न्हाव्याच्या दुकानापासून मय्यतीच्या घरापर्यंत सगळीकडे ऐकवलं होतं. लाल दिवा डाव्या पंखाचा, हिरवा उजव्याचा, आणि संध्याकाळी पश्चिमेला लुकलुकत नाही तो शुक्र. झालं! आकाशात आणखी असतं काय?

त्या संध्याकाळी नमाज आटपून तो गच्चीवर चढला. चार वर्षांनी त्याची लेक हयात परदेशातून, लिओंहून येत होती. बरोबर जावई, आणि तिजानीने अजून फक्त फोनवर पाहिलेली सात महिन्यांची नात. विमान साडेआठला उतरायचं होतं. खाली त्याची बायको मोंजिया कुसकुसाच्या रवाळ कण्यांना वाफ देत होती. तिजानीला मात्र विमानाचा दिवा सगळ्यांत आधी बघायचा होता.

दिवा दिसला. पण विमानाचा नव्हे!

धावपट्टीच्या टोकाला, खजुरीच्या बागांच्या वर, काळोखात एक पांढरा ठिपका होता. तो हळूहळू वर सरकत होता. मग थांबला. मग जागच्या जागी झोकांड्या खाऊ लागला, दारू प्यायलेल्या काजव्यासारखा.

"काय बघताय, तिजानीभाऊ?" शेजारच्या गच्चीवरून खमैसने विचारलं. खमैसच तो न्हावी. त्याला गिऱ्हाईक नसलं की गप्पांना कुणीही चालायचं.

"शुक्र," तिजानी म्हणाला.

"शुक्र हलतो?"

"कधी कधी."

"आणि मावळायच्या वेळी वर चढतो?"

तिजानीने डोळे चोळून पुन्हा बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच!

"ड्रोन असणार," खमैस म्हणाला. "परवाच टीव्हीवर दाखवलं. एवढंसं असतं बघा. इंजिनात शिरलं की अख्खं विमान..." आणि त्याने तळहात फटकन खाली आणला.

आठ वाजून दहा मिनिटं! नात कुठल्या तरी ढगावर आईच्या मांडीत झोपलेली असणार, आणि इकडे हे लुकलुकतंय! त्याने विमानतळाचा जुना नंबर लावला.

"मी तिजानी. जिनेवाला तिजानी! धावपट्टीच्या टोकाला अनोळखी दिवा आहे."

"किती उंचीवर, काका?"

आता हे कुणाला ठाऊक? पण 'ठाऊक नाही' हे शब्द तिजानीच्या तोंडाला सवयीचे नव्हते.

"तीनशे मीटर."

"नक्की?"

"अहो, या आकाशाखाली तीस वर्षं काढलीत मी!"

फोन ठेवला तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. तेवढ्यात लांबवर विमानाचे दिवे दिसले. मोठे झाले, खाली आले, आणखी खाली... आणि एकदम घरघराट करत वर उठले! विमान त्याच्या डोक्यावरून गेलं. वाळत घातलेली चादर उडून खमैसच्या तोंडावर बसली. विमानाने एक घिरटी घातली. मग दुसरी. प्रत्येक घिरटीबरोबर तिजानीचं काळीजही फिरून येत होतं.

बागेच्या रस्त्याने पोलिसांच्या दोन गाड्या निळे दिवे फिरवत निघाल्या. आणि तो पांढरा दिवा फटकन विझला! मग लागला. पुन्हा विझला, पुन्हा लागला.

"इशारे करतोय!" चादरीतून खमैस ओरडला. "कुणाला तरी इशारे करतोय!"

तिजानीने पुन्हा फोन केला. त्यानंतर दोनच मिनिटांत विमानाने तोंड फिरवलं आणि ते पूर्वेला दिसेनासं झालं.

मोंजिया झारा हातात घेऊनच धापा टाकत वर आली. "अहो, विमान कुठे गेलं? माझी पोर त्यात आहे!"

"जेर्बाच्या विमानतळावर नेलं असेल. खबरदारी म्हणून," तिजानी पुटपुटला.

"कसली खबरदारी? कुणी सांगितलं त्यांना?"

"असेल कुणीतरी जबाबदार माणूस."

तेवढ्यात दार वाजलं. खाली एक तरुण फौजदार उभा होता. "तिजानी काका ना? तुम्हीच दोनदा फोन केलात. जरा दिशा दाखवायला चला."

मोंजियाने झारा खाली ठेवला. तिजानीला त्या झाऱ्यापेक्षा तिच्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटली. ती गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसली.

बागेत शिरल्यावर दिवा सापडायला वेळ लागला नाही. बागेतल्या सर्वांत उंच खजुरीच्या शेंड्यात तो होता. फौजदाराने कर्णा तोंडाला लावला. "वर कोण आहे? खाली ये!"

"नाही येत!" वरून आवाज आला. "आधी तुमचे दिवे बंद करा! मी काही केलेलं नाही!"

तो आवाज तिजानीच्या ओळखीचा होता. "लझहर?"

"तिजानी? तुलाही पकडलं का रे?"

लझहर म्हणजे मोंजियाचा सख्खा भाऊ. वय बासष्ट, कमरेला कोयता, गळ्यात मडकं आणि कपाळाला बॅटरीचा दिवा! तो हळूहळू खाली उतरला आणि खोडाला मिठी मारूनच बोलू लागला. "गाड्या बघितल्या, वाटलं, मी ताडी काढतोय समजून धरायला आले. म्हणून दिवा विझवला. पण अंधारात पाय ठेवायची खाच दिसेना, म्हणून परत लावला. खाली बघितलं की परत गाड्या! साहेब, ही गोड नीरा आहे. चाखून बघा."

"पण अंधारात चढायचं काय अडलं होतं?" तिजानी भडकला. "डोकं ठिकाणावर आहे का? दिवसा नाही काढता येत?"

लझहरने मोंजियाकडे बघितलं. मोंजिया डोक्यावरचा रुमाल नीट करू लागली. तो नीटच होता.

"हयातच म्हणाली होती फोनवर," ती हळूच बोलली. "'आई, आल्या आल्या ताजी नीरा पाहिजे.' उन्हाने दुपारची आंबते. म्हणून मीच दादाला म्हटलं, विमान यायच्या जरा आधी काढ."

फौजदाराने वही उघडली. "झाडाची उंची?"

"वीस मीटर असेल," लझहर म्हणाला.

"काका, तुम्ही तीनशे सांगितली होती."

"अंधारात," तिजानी म्हणाला, "थोडा फरक पडतो."

फौजदार हसला नाही. "दिसलं आणि कळवलंत, ते बरोबरच केलंत. पण विमानात एकशे चाळीस माणसं होती. उंची माहीत नाही एवढं म्हणाला असतात, तर आम्ही आधी बागेत येऊन बघितलं असतं."

त्या रात्री तिजानी गच्चीकडे फिरकला नाही. उंबऱ्यावरच बसून राहिला. पहाटे जेर्बाहून बस आली. हयात उतरली, तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जावई बॅगांवर बसल्या बसल्याच पेंगत होता. हयातने झोपलेलं बाळ तिजानीच्या खांद्यावर दिलं. त्या एवढ्याशा डोक्याची ऊब मानेला लागली. रात्रभर त्याने जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच विरघळली.

मोंजियाने कुसकुस गरम केलं. खाता खाता हयात बोलायला लागली. "बाबा, विमान एकदम वर उठलं ना, मला वाटलं संपलं सगळं. पोरीला छातीशी धरून कलमा पढत होते मी. नंतर कळलं, कुण्या येड्याने दिवा दिसला म्हणून फोन केला होता! बसमध्ये एक आजी होत्या, त्या रस्ताभर हात वर करून त्याला शाप देत होत्या. कुणी म्हणालं, त्याला तुरुंगात टाका. तर आजी म्हणाल्या, 'तुरुंगाने काय होतंय? अल्ला, हे त्याच्या बायकोला कळू दे!' अख्खी बस आमीन म्हणाली. मीसुद्धा!"

तिजानीने नातीच्या टाळूत तोंड लपवलं.

मोंजियाने मुलीच्या ताटात आणखी एक डाव वाढला. "त्या आजींचा नंबर असला तर कळव हो त्यांना," ती म्हणाली. "दुवा कबूल झाली म्हणावं."