कारहुणवीचा बैल

या वेळी माझं नाव इतिहासात जाणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! बत्तीस वर्षं मी धारवाडात चित्रकला शिकवली. निरोप समारंभात मुख्याध्यापक ऐन भाषणात माझं नाव विसरले आणि ‘आपले ड्रॉइंग सर’ म्हणून मोकळे झाले. वर टाळ्या पडल्या! ते दुखणं माझ्या मनातून जाईना.

म्हणून नवनगरच्या पलीकडे माळावरच्या एका कातळावर तो बैल सापडला, तेव्हा मी अक्षरशः नाचलो. लांब शिंगं, उंच वशिंड, दगडानं ठोकून ठोकून काढलेला. तीन हजार वर्षांचा तरी असणारच! माझा जुना विद्यार्थी सुधींद्र आता प्राचीन इतिहासाचा प्राध्यापक. तो फोनवर म्हणाला, “सर, स्वच्छ फोटो काढून ठेवा. मी आठवड्यानं येतो. खरा निघाला तर निबंधात शोधक म्हणून तुमचं नाव!”

“नाव कशाला हवं एवढं?” शालिनी, माझी बायको, म्हणाली. “पेन्शनच्या कागदावर आहे की!”

संध्याकाळी स्कूटरवरून गेलो. रेषा पुसट होत्या. फोटोत उठाव्यात म्हणून त्यांत पांढरा खडू भरला. बत्तीस वर्षांचा हात! बैल असा काही उठून दिसायला लागला की मलाच भरून आलं. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढायचे ठरवून घरी परतलो. दुसऱ्या दिवशी कारहुणवी, म्हणजे आमच्याकडचा बैल रंगवून पुजायचा सण, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी पाहतो तर कातळापुढे पन्नास माणसं! बैलावर हळद, कुंकू, हार आणि तेलाची धार.

“अहो, थांबा! खडू मी भरलाय!” मी आधी मराठीत ओरडलो, मग कन्नडमध्ये.

पुढे नारळ घेऊन पार्वतक्का उभी होती. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. तिनं माझे पायच धरले.

“ड्रॉइंग सर! बसवण्णा निमगऽ कंडान्री!”

म्हणजे, बसवण्णा, आपला नंदी, तुम्हालाच दिसला! झालं. मी जितकं नाही-नाही म्हणावं, तितके लोक जास्तच पाया पडायला लागले!

आठवड्याभरात वर पत्रा आला, घंटा आली, आणि कुणा भक्तानं बैलाला ऑइल पेंट दिला. शिंगं सोनेरी!

सुधींद्र आला आणि त्यानं रंग नखानं खरवडून पाहिला. “सर, मूळ रेषा एकही उरलेली नाही. मी याचा काळ फार तर यंदाचा, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, लिहू शकतो.”

तीन हजार वर्षं ऊनपावसात टिकलेला बैल माझ्या एका खडूनं संपवला. पुढे कित्येक दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

वर्षभरानं पार्वतक्का कारहुणवीचं आमंत्रण घेऊन मळमड्डीला आमच्या घरी आली. “पायरीच्या दगडावर तुमचं नाव कोरलंय, सर! शोध तुमचाच ना!”

मी इस्त्रीचा सदरा चढवला, शालिनीला मागे बसवलं आणि निघालो.

पायरी काळ्या दगडाची. कोरीव काम सुरेख, अक्षरं चांगली खोल, तीन हजार वर्षं सहज टिकतील अशी. लोकांच्या चपला बाजूला सारून मी वाकून वाचलं :

‘बसवण्णाचे शोधक : ड्रॉइंग सर, मळमड्डी.’

“छान आहे हो,” म्हणत शालिनीनं त्यावरच चपला काढल्या.

मीही काढल्या.