वापस कसं याचं?

आमच्या कॉलेजातल्या सर्व्हरच्या खोलीबाहेर दाराकडे पाठ करून ठेवलेल्या चपला दिसल्या की समजायचं, आत देवाजीभाऊ आहेत आणि आज अपडेट आहे. त्या दिवशी त्यांना चहासुद्धा विचारायचा नाही.

चपला अशा उलट्या काऊन, म्हणून मी एकदा विचारलंच. "शालूबाई, आत जाणं सोपं असते. निघणं सोपं पाह्यजे."

ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात येणारी प्रत्येक मेल आधी देवाजीभाऊंच्या सर्व्हरमधून गाळून निघते. लॉटरीवाल्या, ठगांच्या मेल तिथेच अडतात, कामाच्या पुढे येतात. मी वसतिगृहाची क्लार्क, अर्ज येतात ते मेलवरच, म्हणून माझं सगळं त्यांच्याच हाती. लहानपणी ते बापामागे मोहफुलं वेचायला जायचे. जंगलात शिरताना बाप डहाळ्या मोडून परतीची खूण करायचा. ती सवय या बाबानं थेट सर्व्हरच्या लिनक्सला लावली. कशालाही हात घालण्याआधी एकच प्रश्न, "वापस कसं याचं?" मी चामोर्शीला एका लग्नाला निघाले तरी हेच. भाऊ स्वतःसाठी मुलगी पाहायला गेले, तर पोचल्या पोचल्या परतीच्या बसची वेळ विचारली म्हणे. लग्न जमलं नाही ते नाहीच.

अपडेटची त्यांची रीत ठरलेली. आधी सगळ्याची नक्कल काढायची. मग एका घरघरणाऱ्या जुन्या कम्प्युटरवर अपडेट चढवून पाहायचं. तिथे बरं चाललं तरच खऱ्या सर्व्हरला हात.

यंदा वसतिगृहाच्या अर्जांच्या नेमक्या शेवटच्या दिवशी वरून पत्र आलं, मेलच्या गाळणीत धोका आहे, आजच अपडेट करा. प्राचार्य सर म्हणाले, एका बटनाचं तर काम आहे, करून टाका. देवाजीभाऊंनी सरांना अदबीनं जुन्या कम्प्युटरसमोर बसवलं आणि बटन त्यांनाच दाबू दिलं. मध्येच कम्प्युटरनं विचारलं, तुमची जुनी सेटिंगची फाईल ठेवू की नवी घेऊ? सरांनी ऐटीत नवी घेतली. मग देवाजीभाऊंनी मला तिथे मराठीत एक अर्ज पाठवायला लावला. अडकला. दुसरा पाठवला, तोही अडकला. त्या नव्या फाईलला आपली मराठी म्हणजे ठगबाजी वाटत होती.

"सर, आता वापस कसं याचं?"

सर चहा प्यायला निघून गेले. मला असं हसू आलं की विचारू नका.

खऱ्या सर्व्हरवर भाऊंनी जुनी फाईल राखली आणि अपडेट सुखरूप पार पडलं. मग मिळवणी, जुन्या फाईलमधली यादी जशीच्या तशी राहिली का ते पाहायला. यादीचा छापील कागद त्यांच्या हातात, मी पडद्यावरून एकेक ओळ वाचायची. ज्यांच्या मेल कधीच अडवायच्या नाहीत असे ते पत्ते, आणि प्रत्येकासमोर भाऊंची टीप. "एटापल्लीकडची पोरगी. टेकडीवर चढली तं नेटवर्क. एकदाच पाठवते." "भाऊ-बहीण, दोघांचा एकच पत्ता." "पावसात रस्ता बंद. उशीर होईन." अडकलेल्या मेल वर्षानुवर्षं वाचून जमवलेली यादी, कोणी सांगितलेलं नसताना. असा माणूस आमच्या कॉलेजात आहे, हे मी आता कोणालाही छाती फुगवून सांगते.

सगळ्यात वरच्या ओळीत पत्ताच नव्हता. नुसतं भाऊंच्या गावाचं नाव, आणि पुढे, "एक अर्ज पोचला नाई."

हा कोणाचा, मी विचारलं.

"माह्याच. इंजिनिअरिंगचा. टपालानं धाडला होता. पोचलाच नाई हे मले दिवाळीले समजलं."

त्यानंतर आम्ही दोघंही येणारे अर्ज पाहत बसलो. चारच्या सुमारास एटापल्लीकडच्या त्या पोरीचा अर्ज आला. मी प्रिंट काढायला उठले, तर भाऊंनी थांबवलं.

"आधी तिले लिहा, पोचला म्हणून. टेकडीवरच बसली असन. खाली उतरली तं तिले कळणार नाई."

मी लगेच लिहिलं. मेल गेलेली त्यांनी स्वतः पाहिली, मगच बाहेर येऊन चपला घातल्या.