कुरोइवाच्या आईचं नाव

समुद्री चाच्यांच्या मंगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, खलनायक कुरोइवा इतका दुष्ट का झाला, हे आमच्या अख्ख्या बेटावर फक्त मला कळलं होतं. लेखकानं आठ वर्षं लपवलेलं गुपित मी तीन रविवारांत उकललं होतं आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नव्हतं.

नगर कार्यालयातून दुपारी बाराला, गावभर लावलेल्या भोंग्यांवर सूचना वाचणं हे माझं काम. त्या मंगळवारी भरतीची वेळ वाचली, कचरागाडीची वेळ वाचली आणि बटण बंद केलं. निदान मला तसं वाटलं.

शेजारच्या टेबलावर मिनेगिशीबाई डबा उघडत होत्या.

"कुरोइवाचं कळलं का?" मी म्हटलं.

"परत तेच? जेवू द्या हो."

"अहो, तो मुळात बेटावरचा नाहीच. जन्मल्याबरोबर आईनं त्याला मिठाच्या पिंपात घालून समुद्रात सोडलं. वर खेकसतो, पण आतून रडत असतो. कुणी प्रेमानं वाडगाभर सूप दिलं असतं, तर असा झालाच नसता."

"आणि बोट जाळली ती?"

"आईला धूर दिसावा म्हणून."

बाईंचा घास हातातच राहिला. मला वाटलं, पटलं. पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर टेकडीवरून माझाच आवाज परत येत होता.

आता अडचण अशी, की आमच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्षही कुरोइवाच. चाळीस वर्षांपूर्वी बाहेरून आलेले, एकटे, कायम खेकसणारे. गेल्याच वर्षी स्टोव्ह भडकून त्यांची बोट जळाली होती.

फोन वाजायचे थांबेनात. साहेब म्हणाले, "माफीनामा लिहा. तीनला वाचा. नोकरीचं नंतर बघू."

पावणेतीनला कुरोइवा स्वतः दारात उभे. मी कपाळ टेबलाला लागेपर्यंत वाकलो.

"काका, चूक झाली. ते मंगातल्या कुरोइवाबद्दल होतं. आत्ता सगळ्यांना सांगतो."

"म्हणूनच आलोय," ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "मासेवाली ताए सूप घेऊन आली होती. बारा वर्षं बोलत नव्हती माझ्याशी. बसली, रडलीसुद्धा. उद्या वाम भाजून आणणार आहे. शनिवारपर्यंत थांबता येईल का?"

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि खणात टाकला. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "शनिवारी दुरुस्त होईल."

शनिवारी मी माफीनामा अगदी स्पष्ट वाचला. कुणाचाही विश्वास बसला नाही. ताए तर मिनेगिशीबाईंना म्हणाली, "बिचारे कुरोइवा लाजतात. त्यांनीच वाचायला लावलं असणार."

सोमवारी कुरोइवाकाका पुन्हा आले. दाढी केलेली, नवा सदरा. इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी वाकले.

"ताए माझ्या आईचं नाव विचारतेय. तू काही ठरवलंयस का?"