कुजबुजरावांच्या उरलेल्या गोळ्या

"टाळ्या नटाला पडतात, पण घसा माझा असतो!" असं कुजबुजराव भेटेल त्याला ऐकवत, आणि ते खोटं नव्हतं. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी हौशी नाटक मंडळीच्या विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हा त्यांचा उद्योग. इतक्या वर्षांत प्रेक्षकांनी त्यांचं नखसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

शिवाय त्यांना एक रोग होता, कुतूहलाचा. कुलूप कसं लागतं ते बघायला म्हणून त्यांनी घरातलं धडधाकट कुलूप खोलून सुटं करून ठेवलं होतं, आणि आता घर कडीच्या भरवशावर होतं.

प्रयोग आठवड्यावर आला आणि नेमका घसा धरला. ताप, मान दुखते, आवंढा गिळताना काटे टोचतात. डॉक्टरीणबाईंनी घशात कापसाची काडी फिरवली, तपासणी केली आणि म्हणाल्या, "जंतूंमुळे झालंय. अँटिबायोटिक देते."

कुजबुजरावांचे डोळे चमकले. "बाई, पण गोळी जाते पोटात. तिला घसा कुठे आहे ते कसं कळतं?"

"कळत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते."

"म्हणजे गुडघ्यातसुद्धा?"

"गुडघ्यातसुद्धा. पोटातल्या चांगल्या जंतूंनाही थोडा त्रास देते, म्हणून उगाच घ्यायची नसते. बरं, ही पेनिसिलिनच्या कुळातली आहे. तुम्हाला ॲलर्जी?"

"मला नाही. मेव्हण्यांना आहे! लहानपणी एक गोळी घेतली तर ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. दवाखान्यात न्यावं लागलं. प्रत्येक जेवणाला सांगतात."

"मग मेव्हण्यांच्या हाती लागू देऊ नका. वेळच्या वेळी घ्या आणि बरं वाटलं तरी सगळ्या संपवा. मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात." आपले एवढे प्रश्न बाईंनी ऐकून घेतले म्हणून कुजबुजरावांनी खूश होऊन त्यांना प्रयोगाचा पास दिला.

गोळ्या लागू पडल्या. थोड्याच दिवसांत ताप गेला, काटे गेले, आणि कुतूहल परत आलं. आता गोळ्या थांबवल्या तर घसा आपला आपण उरलेलं काम करतो का, हे बघायला काय हरकत आहे? शिवाय चांगल्या गोळ्या! पुढच्या वेळी कामाला येतील. बाईंचं बोलणं त्यांच्या कानात होतं, पण बाईंनी स्वतः कधी थांबवून पाहिलंय का, असा प्रश्नही तिथेच शेजारी बसला होता.

अडचण बायकोची होती. ती रोज विचारायची, "घेतली का?" म्हणून कुजबुजरावांनी उरलेल्या गोळ्या पाकिटातून फोडून एका बाटलीत भरल्या, रिकामं पाकीट बायकोला दिसेल असं कचऱ्याच्या डब्यात वर ठेवलं, आणि बाटली लपवली ती बायको जन्मात हात लावणार नाही अशा जागी: नाटक मंडळीच्या सामानाच्या पेटीत. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले की वाटेत एकटेच हसले.

आता या नाटकाबद्दल. नायक म्हणजे तेच थोरले मेव्हणे, विमा कंपनीतले साहेब. आवाज भरदार, चालणं राजासारखं, पाठांतर शून्य. "पाठांतर करणं हा प्रॉम्प्टरचा अपमान आहे, भावजी!" असं ते म्हणत. विंगेतून जे येईल ते जसंच्या तसं प्रेक्षकांकडे पाठवायचं, मध्ये डोकं घालायचं नाही, ही त्यांची पद्धत. एकदा विंगेतून "अरे तो पंखा बंद करा" असं आलं, तर यांनी ते मरणाऱ्या मित्राचा हात धरून म्हटलं होतं. लोक रडले होते!

या वेळी ते एका तापट म्हाताऱ्या बापाचं काम करत होते. तिसऱ्या प्रवेशात बाप सुनेवर चिडतो, टेबलावरच्या बाटलीतून गोळ्या काढतो आणि तोंडात टाकतो. खरं तर त्या पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या.

प्रयोगाच्या दिवशी सकाळीच कुजबुजरावांचा घसा पुन्हा धरला. उत्तर मिळालं होतं: घसा आपला आपण काम करत नाही! पहिले दोन प्रवेश त्यांनी कसेबसे ओढले. तिसऱ्याचा पडदा वर गेला आणि त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. निळ्या झाकणाची बाटली. त्यांची बाटली!

"पेपरमिंटला मुंग्या लागल्या होत्या," सामान सांभाळणाऱ्या वहिनी शेजारून समाधानानं कुजबुजल्या. "नशीब, पेटीत या तयार मिळाल्या."

कुजबुजरावांच्या पायाखालची जमीन सरकली. मेव्हण्यांनी बाटली उचलली होती.

"दादा, त्या गोळ्या खाऊ नका!" ते विंगेतून घोगऱ्या आवाजात ओरडले.

मेव्हण्यांनी छाती फुगवली. "दादा! त्या गोळ्या खाऊ नका!"

सून झालेल्या शाळेच्या बाई गोंधळल्या. "बाबा, इथे दादा कोण?"

"अहो, तुम्हीच!" विंगेतून आलं.

"अहो, तुम्हीच!" मेव्हणे सुनेवर गरजले. पहिल्या रांगेत कुणीतरी 'वा!' म्हणालं.

"ते खरं औषध आहे! माझं आहे!"

"ते खरं औषध आहे! माझं आहे!" मेव्हण्यांनी बाटली छातीशी धरली. टाळ्या!

कुजबुजरावांनी सगळा जीव घशात गोळा केला. पेनिसिलिन एवढाच शब्द पोचवायचा होता. तोंड उघडलं, ओठ हलले, आणि आत काहीच नव्हतं. आवाज संपला होता.

मेव्हणे थांबले. विंगेकडे कान केला. वाक्य येत नाही म्हटल्यावर नट जे करतो तेच त्यांनी केलं: हातातलं काम पुढे नेलं. झाकण उघडलं. गोळ्या तळहातावर आल्या. हात तोंडाकडे निघाला.

आणि कुजबुजराव स्टुलावरून उठले. गळ्यात मफलर, पायात घरच्या सपाता, काखेत नाटकाची वही. झगझगीत उजेडात ते धावत आले आणि मेव्हण्यांच्या हातावर अशी चापट मारली की गोळ्या रंगमंचभर उधळल्या. एक गोळी जरी आत गेली असती तर? त्यांना खरोखर रडू येत होतं.

"कोण आपण?" शाळेच्या बाईंनी प्रसंग सावरला.

उत्तर द्यायला आवाज नव्हता. गोळ्या कुणाच्या ते दाखवण्यासाठी कुजबुजरावांनी बाटलीतली एक काढून स्वतःच्या तोंडाकडे नेली.

"थांबा!" प्रेक्षकांतून एक बाई उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई! "आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. उद्या आधी घसा दाखवा. पण या उरल्या कशा? तुम्ही तर संपवणार होतात!"

सगळं नाट्यगृह कान टवकारून बसलं. कुजबुजरावांनी हात जोडले आणि बाईंकडे बघून नुसते ओठ हलवून खुलासा केला. एवढ्या लांबून बाईंना काही कळणं शक्य नव्हतं.

मेव्हणे मात्र अगदी शेजारी उभे होते. त्या ओठांकडे त्यांनी नजर लावली, आणि इतक्या वेळानं एकदाचं वाक्य मिळाल्याच्या आनंदात, मध्ये डोकं न घालता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात ते गरजले:

"बरं वाटलं म्हणून मीच बंद केल्या! पुढच्या वेळेसाठी लपवून ठेवल्या! रिकामं पाकीट मुद्दाम कचऱ्यात टाकलं! पण बाई, तुमच्या पाया पडतो, माझ्या बायकोला यातलं काही सांगू नका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवत नव्हती ती फक्त तिसऱ्या रांगेतली एक बाई. ती पर्स काखेला लावून रंगमंचाच्या पायऱ्यांकडे निघाली होती.